गोठ्यातली अँबॅसिडर

आमची पहिली गाडी गोठ्यात राहायची. हे सांगितलं की नांदेडची माझी नातवंडं हसतात आणि विचारतात, गोठा म्हणजे गॅरेज का गं आजी? तर नाही. गोठा म्हणजे गोठाच. शिरूर अनंतपाळला आमच्या घराच्या अंगाला पत्र्याचा एक लांब गोठा होता. त्यात दगडी गव्हाण होती, दावणीचे खुंटे होते, आणि खालची जमीन वर्षानुवर्षं शेणामुतानं मुरून काळी झालेली होती. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्यातले दोन खुंटे उपटले आणि गाडी आत घातली. तिचं तोंड बरोबर गव्हाणीवर यायचं. सकाळी डोळे चोळत बाहेर आलं की गाडी कडबा खायला उभी आहे असंच वाटायचं. सायीच्या रंगाची, फुगीर गालांची अँबॅसिडर होती ती. लातूरच्या एका डॉक्टरांनी ती बरीच वर्षं वापरून मग विकली होती, त्यामुळे आतल्या गाद्यांना दवाखान्याचा वास यायचा. आमच्याकडे आल्यावर तो महिनाभरात गेला आणि त्याच्या जागी सरकीच्या पेंडीचा वास आला.

हल्ली माझ्या वयाची माणसं मोबाईलवर जुन्या गाड्यांचे फोटो एकमेकांना पाठवत बसतात आणि खाली लिहितात, काय दिवस होते! मला त्याचा थोडा वैताग येतो. दिवस काही फार सोपे नव्हते. थंडीत ती गाडी चालू करायची म्हणजे अर्धं गाव गोळा व्हायचं. अप्पा पुढून लोखंडी हँडल घालून गरागरा फिरवायचे, मी आत बसून चोक ओढायची, आणि धाकटा भाऊ बसू नुसताच ओरडायचा. इंजिन एकदा फुरफुरलं की सगळे गप्प व्हायचे. मागचं डावं दार नीट लागत नसे, ते सुतळीनं बांधायचं. काचा वर घ्यायचं हँडल एकच होतं, ते ज्या दाराला लागेल त्या दाराला लावायचं आणि काम झालं की खिशात ठेवायचं. पण खरं सांगू का, ज्या संध्याकाळी आम्ही दोघं भावंडं ताटं घेऊन त्या उभ्या गाडीत जेवायला बसायचो, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि लांबच्या लांब प्रवासाच्या गप्पा, त्या संध्याकाळी मला अजून हव्या आहेत. हे लिहिताना लाज वाटत नाही.

अप्पांचं भुसार मालाचं दुकान होतं आणि गावाबाहेर जमीन. कपाळाला विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, धोतराचा सोगा खोचलेला, अशा अवतारात ते गाडी चालवायचे. गाडी शिकले ते वयाच्या चाळिशीनंतर. त्याआधी जन्मभर बैल हाकलेले, त्यामुळे सवय जाईना. ब्रेक दाबताना तोंडानं "हो, हो, हो" म्हणायचे. चढ लागला की जिभेनं टकटक आवाज काढायचे आणि पुढं वाकायचे. काचेच्या आत त्यांनी एक छोटा पितळी नंदी चिकटवला होता. रोज लिंगपूजा झाली की उरलेलं एक फूल त्या नंदीला मिळायचं. बाजारला, लग्नाला, दवाखान्यात, गावातल्या कुणालाही जायचं असलं की अप्पा नाही म्हणायचे नाहीत. त्या गाडीत सगळं गाव बसून गेलं. बसली नाही ती फक्त आमची अव्वा.

अव्वा म्हणजे आई. उमरीची लेक, उंच, कामाला वाघ आणि जिभेला त्याहून तिखट. गाडीच्या जागी आधी आमची देवणी जातीच्या बैलांची जोडी होती, पांढऱ्या अंगावर काळे डाग असलेली. राजा आणि परधान. दोघं जुळी, वासरं असतानाच त्यांची आई गेली होती. अव्वानं ज्वारीच्या पिठाचं कोमट पाणी बोटांनी चाटवून त्यांना जगवलं. मी त्याच साली जन्मले. बसू मला चिडवायचा की अव्वानं आधी वासरांना पाजलं आणि उरलंसुरलं तुला. यात थोडं खरंही असेल.

ती जोडी अप्पांनी उन्हाळ्यात विकली. त्या वर्षी नांगरटीला भाड्याचा ट्रॅक्टर आला होता, बैल दावणीला बसून होते, आणि अप्पांच्या डोक्यात गाडी शिरली होती. गाडी कुणासाठी, तर अव्वासाठीच. तिला एसटी लागायची. माहेरी जायचं तर अहमदपूर, नांदेड आणि मग उमरी अशा तीन बस बदलायच्या, आणि तिन्ही बसमध्ये ती नाकाशी लिंबू धरून, डोळे मिटून, हिरवी पडून बसायची. अप्पांना ते बघवायचं नाही. ती भावाच्या मुलाच्या बारशाला उमरीला गेली तेव्हा त्यांनी हळीच्या बैलबाजारात जोडी विकली आणि चार दिवसांत गाडी दारात आणली. ती आल्यावर खूश होईल असं त्यांना वाटलं होतं. नवरे मंडळींना असं बरंच काही वाटत असतं.

अव्वा आली, पिशवी खाली ठेवली, गोठ्यात गेली. बराच वेळ तिथंच उभी राहिली. मग तिनं आत वाकून तो पितळी नंदी पाहिला आणि म्हणाली, "खरे इकले आन पितळंचा बशिवला व्हय!" एवढंच. नंतर त्या विषयावर चकार शब्द नाही. स्वयंपाक वेळेवर, पाणी वेळेवर, अप्पांच्या पूजेचं साहित्य वेळेवर. फक्त अप्पांशी बोलणं कामापुरतं आणि गाडीत बसणं अजिबात नाही. अप्पा म्हणायचे, "येईल की ठिकाणावर." महिना गेला, दोन महिने गेले, ती काही आली नाही.

नागपंचमीला तर कमालच झाली. अव्वा माहेरी निघाली आणि सरळ एसटीच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली. आम्हा दोघांना मात्र म्हणाली, "तुमी बसा गाडीत, माझं काय न्हाई." मग काय, पुढं लाल एसटी आणि मागं आमची सायीच्या रंगाची गाडी, अशी वरात अहमदपूरपर्यंत गेली. अप्पांनी एकदाही एसटीला ओलांडलं नाही. बस थांबली की आम्ही थांबायचो, बस निघाली की आम्ही निघायचो. मागच्या खिडकीत अव्वाचा पदर दिसायचा. मी हात हलवायची, ती बघायची नाही. अहमदपूरच्या स्टँडवर अप्पांनी मला सोडा आणि कागदात भजी घेऊन खिडकीपाशी पाठवलं. अव्वाचा चेहरा पांढराफटक पडला होता, लिंबू मुठीत चेपलेलं. तिनं सोडा घेतला, भजी परत दिली आणि विचारलं, "तू खाल्लीस का? बसूनं?" मी हाव म्हटलं. मग हळूच म्हणाली, "तुझ्या अप्पाला म्हनावं, इतक्या जवळून गाडी चालवू नगा. धूर खाऊन राहिलात म्हनावं." मी पळत जाऊन निरोप दिला. अप्पांनी पुढं जरा अंतर ठेवलं आणि नांदेडपर्यंत गालातल्या गालात हसत राहिले. मला तेव्हा वाटलं की झालं, मिटलं. पण पंचमीहून परतताना ती पुन्हा एसटीनंच आली.

मग पोळा आला. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदेमळणी करतात. बैलांचे खांदे गरम पाण्यानं शेकायचे, तुपात हळद कालवून ती चोळायची, आणि बैलाच्या कानाशी लागून सांगायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. वर्षभर जोखड ओढलेल्या खांद्याची ती सेवा. त्या संध्याकाळी गल्लीतल्या प्रत्येक गोठ्यात कंदील, घंटा, धूर आणि माणसांचे आवाज होते, आणि आमच्या गोठ्यात गाडी. अव्वा चुलीपुढं पाठ करून बसली होती. अप्पा बाहेर अस्वस्थ येरझारा घालत होते. मग त्यांच्या मनात काय आलं कोण जाणे, ते गुपचूप आत गेले, फडताळातून तुपाची वाटी घेतली, तिच्यात ओंजळभर हळद टाकली, आणि बाहेर येऊन आम्हाला म्हणाले, "चला रं, आपल्या बैलाचे खांदे मळू."

आम्हाला त्याचा केवढा आनंद झाला! अप्पा दोन्ही हातांनी गाडीच्या बॉनेटला हळद-तूप चोळू लागले. दिव्यांच्या वरचे ते फुगीर भाग म्हणजे खांदे. बसूनं दुसरा खांदा घेतला. मी आरशाला कान समजून तोंड लावलं आणि ओरडले, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या!" अप्पा मोठमोठ्यानं हसत होते आणि मधूनमधून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते. ती हसत बाहेर येईल, पदर तोंडाला लावून म्हणेल, खुळ्यांचा बाजार हाय ह्यो, आणि सगळं मिटेल, हाच त्यांचा डाव होता. मला तो आज कळतो.

अव्वा बाहेर आली. हसली नाही. पिवळ्या झालेल्या बॉनेटकडे तिनं पाहिलं.

"लोखंडाला आवतण देऊन राहिलात?" ती म्हणाली. "आन ज्यांना द्यायचं त्यांना उपाशी काढलं घरातून."

अप्पांचे हात तसेच राहिले. "उपाशी कशाला? पेंड घातली व्हती की."

"पेंड म्हंजी घास हाय का?" अव्वाचा आवाज चढला. "बैल इकल्याचा राग न्हाई मला. बसून किती दिस खातील, कळतंय की. पर जनावर दारातून जातंय तवा घरच्या बाईनं त्याच्या पायावर पानी घालायचं, कुंकू लावायचं, हातानं भाकरीचा घास द्यायचा. मग ते आपलं ऋण फेडून जातंय. तुमी मला इचारलं न्हाई. माझी वाट बी बघितली न्हाई. बोटानं पिऊन वाढलेली लेकरं व्हती ती माझी, आन मी आले तवा दावं रिकामं."

पदरानं डोळे पुसून ती आत गेली. इतके महिने अप्पा समजत होते की तिला गाडी आवडली नाही. आम्हीही तेच समजत होतो. अप्पा तिथंच गव्हाणीच्या काठावर बसले. हाताला लागलेली हळद त्यांनी धोतराला पुसली, हे माझ्या नीट लक्षात आहे, कारण धोतराच्या बाबतीत ते फार काटेकोर होते.

पोळ्याच्या दिवशी अव्वा पहाटे उठली. पुरण शिजलं, वाटलं, पोळ्या झाल्या, कटाची आमटी झाली. घरभर वेलदोड्याचा वास. बसू ताट घेऊन बसला तेव्हा अव्वानं त्याला आणि मला वाढलं. अप्पांचं पानही वाढून ठेवलं. स्वतःचं मात्र नाही.

"तू?" अप्पांनी विचारलं.

"बैल जेवल्याबिगर मी कवा जेवले का?"

"पर आता बैल कुठं हायेत?"

"तेच म्हनते मी," अव्वा म्हणाली आणि भांडी घासायला घेतली.

अप्पा वाढलेल्या पानावरून उठले. आम्ही घाबरलो, कारण वाढल्या पानावरून उठणं त्यांच्या लेखी पाप होतं. ते गोठ्यात गेले. ओल्या फडक्यानं बॉनेट पुसायला लागले, पण रात्रभरात हळद रंगात मुरली होती आणि काही केल्या निघेना. ती पुढं शेवटपर्यंत निघाली नाही. मग ते दारात आले आणि अव्वाला ऐकू जाईल अशा बेतानं मला म्हणाले, "नंदा, अव्वाला म्हनावं पोळ्या बांधून घे. जोडी बिलोलीच्या मानसानं नेली हाय. गाव ठाव हाय मला. दिवस मावळायच्या आत पोचतो."

अव्वाच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं. दहा मिनिटांत ती इरकल नेसून बाहेर आली. काखेला पोळ्यांची दुरडी, तिच्यावर पांढरं फडकं, हातात कुंकवाचा करंडा. अप्पांनी पुढचं दार उघडून धरलं होतं. ती मागच्या दाराची सुतळी सोडून मागं बसली, आमच्या दोघांच्या मधे.

उदगीर, देगलूर आणि पुढं बिलोली. पावसानं रस्त्याचा चिखल झाला होता. वाटेत प्रत्येक गावात बैलांच्या शिंगांना रंग लावणं चाललेलं, झुली, बाशिंगं, हलग्या. अव्वा पाठ न टेकता दुरडी मांडीवर धरून ताठ बसली होती. अप्पा आरशातून सारखे मागं बघत होते, आणि एकदा तर त्यापायी खड्ड्यात गेलो. देगलूरच्या पुढं बसू मला कुजबुजला, "अव्वाला गाडी लागली न्हाई." खरंच, तिच्या मुठीत लिंबू नव्हतंच.

बिलोलीच्या अलीकडं आत वळून ते गाव होतं. गाडी दारात थांबली तेव्हा घरधनी बाहेर आला, उंच, मिशाळ माणूस. त्यानं अप्पांना ओळखलं आणि त्याचा चेहराच उतरला. मागं अंगणात जोडी उभी होती. शिंगांना हिंगूळ, अंगावर आरशांची झूल. तो दोन पावलं सरकून त्यांच्यापुढं उभा राहिला. "काय झालं, शेटजी?" तो म्हणाला. "माघारी न्यायला आलात काय? सौदा झालेला हाय बगा."

अव्वाच पुढं झाली. "न्यायला न्हाई आलो, दादा. जाताना त्यांना घास द्यायचा ऱ्हायला व्हता. तेवढा द्यायला आलो."

तेवढ्यात त्याची बायको बाहेर आली. नरसाबाई. ठेंगणी, सावळी, हातात पुरणपोळीचं ताट. तीही घास द्यायलाच निघाली होती. दोघी एकमेकींच्या ताटाकडं बघत उभ्या राहिल्या. पोळ्याच्या दिवशी बैलाला पहिला घास घरच्या लक्ष्मीनं द्यायचा, हे दोघींनाही माहीत होतं. आणि त्या दिवशी त्या घरची लक्ष्मी अव्वा नव्हती. मला तर वाटलं, आता आम्हाला परतच जावं लागणार.

नरसाबाईनं आपलं ताट पायरीवर ठेवलं. पाण्याचा तांब्या उचलून अव्वाच्या हातात दिला. "अक्का, आधी तुमी," ती म्हणाली. "तुमचा घास राहिला व्हता न्हवं. माझा काय, रोजचाच हाय."

अव्वानं दोघांच्या खुरांवर पाणी घातलं. कपाळाला कुंकू लावलं. "राज्या," तिनं हाक मारली. बैलाचा कानही हलला नाही. "राज्या, मी हाय रं." तिनं पोळी पुढं केली, ती त्यानं खाल्ली. परधानानंही खाल्ली. कुणाच्याही हातची खाल्ली असती तशी. मग पायरीवरून नरसाबाईनं सहज म्हटलं, "रामुडू, निवांत खा," आणि राजानं झटकन मान वळवली, घंटा वाजल्या, आणि तो नाक पुढं करून तिच्याकडं ओढ घेऊ लागला. त्यांची नावं बदलली होती. एक रामुडू, दुसरा भीमुडू, तिकडची तेलुगू वळणाची नावं. मला त्या बैलाचा असा राग आला की त्याला दगड मारावासा वाटला.

अव्वानं हात पदराला पुसले. मग नरसाबाईला म्हणाली, "ह्याला डाव्या शिंगाच्या मुळाशी खाजवलं की बरं वाटतंय."

"ठाव हाय, अक्का," नरसाबाई हळूच म्हणाली.

जेवायला बसा म्हणून त्यांनी फार आग्रह केला. अव्वा म्हणाली, लेकरं घेऊन लांब जायचंय, घोटभर चहा द्या. चहा झाला. निघताना नरसाबाईनं अव्वाची ओटी भरली. मग अव्वा गाडीजवळ आली, मागचं दार तिनं पाहिलंही नाही, पुढचं दार उघडून अप्पांच्या शेजारी बसली. दुरडीत दोन पोळ्या उरल्या होत्या.

गावाबाहेर ज्वारीच्या शेतांमधून आम्ही निघालो. ऊन कललं होतं. मग अव्वा समोर बघत म्हणाली, "वळखलं न्हाई त्यांनी मला."

अप्पांनी गिअर बदलला.

"सुखात हायेत," ती म्हणाली. "दुःखात असते तर वळखलं असतं. बरंच झालं."

अप्पांनी गाडी बाजूला घेतली. मला वाटलं इंजिन तापलं असेल, म्हणून मी दाराची सुतळी सोडायला लागले. पण अप्पा खाली उतरले नाहीत. स्टिअरिंगच्या चाकावर दोन्ही हात तसेच ठेवून बसले होते, आणि त्यांची विभूती ओली होऊन नाकावर उतरली होती. अप्पांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. "माझं चुकलं," ते म्हणाले. "तुला इचारायला पायजे व्हतं." एवढं सरळ वाक्य आमच्या घरात कुण्या पुरुषानं म्हटल्याचं मला तरी आठवत नाही.

अव्वानं पदरानं त्यांचं तोंड पुसलं. आमच्यादेखत. मग दुरडीवरचं फडकं बाजूला केलं, पोळीचा तुकडा मोडला आणि त्यांच्या तोंडापुढं धरला. "खावा. सकाळधरनं तुमीबी उपाशीच." अप्पांनी मुकाट्यानं तोंड उघडलं. तिनं दुसरा तुकडा मोडला, तो हातात धरून क्षणभर मागं, त्या गावाच्या वाटेकडं पाहिलं, आणि मग तो स्वतः खाल्ला.